काखेतली शिवण

सिनेमाचं नाव 'रातकिडा'.
सकाळच्या खेळाला आम्ही चौदा जण,
त्यातले नऊ पडद्यावरच्या गर्दीत होते.
उरले पाच. त्यातही माझं तिकीट नव्हतं,
एलगेटीनं पास दिला होता
शिलाईच्या पैशांऐवजी.

मी गणवेश शिवते, अक्कलकोट रोडला.
शेडचा नंबर सोडा, सगळी शेडं सारखीच तापतात.
एलगेटी आला तो मार्चातल्या दुपारी,
म्हणाला, सत्यम्मा, एक हिरो शिवून दे.

शिवला.
ब्लेझरच्या अस्तराचं उरलेलं काळं कापड,
त्याचे तीन मुखवटे.
डोळ्यांची भोकं माझ्याच डोळ्यांवर मापून कापली,
तौफिकची नजर माझ्याहून रुंद निघाली.
म्हणून अख्ख्या सिनेमात
अन्यायाकडे तो जरा तिरकाच बघतो.

पाठीवरच्या झुलीला एलगेटीनं चादर आणली,
मामाच्या कारखान्यातली, काळी रंगवून.
मी म्हटलं होतं, ही उडणार नाही रे.
आपली चादर वाऱ्यासाठी विणत नाहीत,
झोपलेल्या माणसावरून ती हलू नये
म्हणून तर जड असते.
ऐकलं नाही.
पाण्याच्या टाकीवर तो उभा राहतो
आणि खालून दोन पोरं दोऱ्यानं चादर हलवतात,
एकाचं कोपर दिसतं.
तीच उडी तीनदा येते.
तिसऱ्यांदा मागून कुणीतरी ओरडलं,
"जिन्यानं उतर की बे!"

शेठ मजुरी बुडवतो.
रातकिडा त्याची तिजोरी फोडून
दारोदार पाकिटं टाकतो, प्रत्येकावर नाव.
तेव्हा मी खुर्चीत पुढं सरकले,
नावं वाचायला गेले.
कॅमेरा लगेच हलला.

आणि ही गोष्ट म्हणे महानगरात घडते.
मागं सिद्धेश्वराचं तळं,
बाजूला शेंगाचटणीची पाटी, अर्धी कागदानं झाकलेली,
तरी सगळे म्हणतात, हे महानगर.
तौफिकचा आवाजसुद्धा तौफिकचा नाही.
पुण्याच्या कुणा पोरानं दिलाय,
कडक इस्त्रीचा:
"मी अंधाराचा पहारेकरी आहे."
ओठ मात्र तौफिकचेच हलतात,
आणि मला ओठ वाचता येतात.
मागाच्या खडखडाटात वाढलेल्या
आम्हा सगळ्यांनाच येतात.
तो म्हणत होता,
"काय करलालाव बे, सोड की त्याला."

सिनेमातलं तेवढं एक वाक्य चांगलं होतं.
ते ऐकू आलं नाही.

मध्यंतरानंतर मारामारी.
गुद्दा आधी, आवाज मागून.
तौफिकनं हात उगारला
आणि काखेतली शिवण उसवली,
फार नाही, दोन बोटं.
त्यापुढं गोष्ट कुठं गेली मला ठाऊक नाही,
शेठ मेला का सुधारला.
मी शिवण बघत होते.
या दृश्यात उसवलेली, पुढच्यात धड,
मग पुन्हा उसवलेली,
जणू रात्रीतून कुणी तरी येऊन
काही न बोलता शिवून जात होतं.
अंधारात माझी दोन बोटं
सुई धरल्यासारखी जुळलेली.

बाहेर ऊन. सायकलींजवळ तौफिक,
साध्या शर्टात. उघड्या तोंडानं
तो जास्त लाजत होता.
कसा वाटला, असं त्यानं विचारलं नाही.
"मावशी, तुझे दिले का त्यानं?"
"तुझे?"
तो चप्पलनं माती उकरत राहिला.
"काखेत उसवलंय," मी म्हटलं, "आणून दे."
"आता कशाला?"
"उसवलंय म्हणून."

संध्याकाळी आणलं, पिशवीत कोंबून.
चादरीची नीट घडी होत नव्हती,
दोघांनी दोन टोकं धरली.

वहीत लिहिलंय:
मुखवटे तीन, सदरा एक, झूल एक.
एलगेटीकडून येणे.
त्याखाली, दुसऱ्या शाईनं:
काख, दोन टाके.
पुढची जागा मोकळी सोडली आहे.